दीर्घकाळ परिणाम करणाऱ्या श्वसनौषधांचा दम्याच्या प्रतिबंधासाठी सुरक्षित वापर : बोदवड परिसराच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा :

दमा हा श्वासनलिकांच्या दीर्घकालीन दाहाचा विकार आहे. सॅल्मेटेरॉल व फॉर्मोटेरॉल ही श्वासनलिका सुमारे १२ तास रुंद ठेवणारी औषधे दम्याची लक्षणे टाळण्यासाठी उपयुक्त ठरली आहेत. तथापि, दाह कमी करणाऱ्या स्टिरॉइडच्या सोबतीवाचून ती एकटी घेतली असता रुग्णाच्या जिवाला धोका संभवतो, हे अनुभवांती सिद्ध झाले आहे. या औषधांचे कार्य, त्यांच्या सुरक्षिततेविषयी झालेले प्रमुख अभ्यास आणि कापूस पिकविणाऱ्या बोदवडसारख्या तालुक्यातील परिस्थिती यांचा विचार प्रस्तुत लेखात केला असून महाविद्यालयीन प्राध्यापकांना उपयोगी पडतील अशा शिफारशी शेवटी मांडल्या आहेत.

बीजसंज्ञा : दमा, इन्हेलर, सॅल्मेटेरॉल, फॉर्मोटेरॉल, श्वसनमार्गे दिले जाणारे स्टिरॉइड, बोदवड.

प्रस्तावना :

दमा हा आपल्या समाजाला फार पूर्वीपासून परिचित असलेला आजार आहे. 'धाप लागणे', 'दम भरणे', 'छाती वाजणे' अशा शब्दप्रयोगांतून तो बोलीभाषेत रुजलेला दिसतो. असे असले तरी त्यावरील आधुनिक उपचारांविषयी सुशिक्षित वर्गातही अनेक गैरसमज आढळतात. 'पंप एकदा लागला की सुटत नाही', 'पंप हा शेवटचा उपाय आहे', 'बरे वाटू लागले की औषध थांबवावे' ही त्यांपैकी काही ठळक उदाहरणे होत.

भारतातील १२ केंद्रांवर १,६९,५७५ प्रौढ व्यक्तींची पाहणी करून २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इनसर्च' या अभ्यासात दम्याचे प्रमाण २.०५ टक्के आढळले. या केंद्रांमध्ये महाराष्ट्रातील मुंबई व नागपूर यांचा समावेश होता. हे प्रमाण ढोबळमानाने लागू केले तर १,००० विद्यार्थी असलेल्या महाविद्यालयात सुमारे २० दमाग्रस्त असू शकतात. म्हणजेच जवळजवळ प्रत्येक मोठ्या वर्गात एखादा तरी असा विद्यार्थी बसलेला असण्याची शक्यता आहे. तो कोणते औषध घेतो, ते नियमित घेतो काय आणि झटका आल्यास त्याच्या खिशातील पंप नेमका कोणत्या कामाचा आहे, हे प्रश्न केवळ वैद्यकशास्त्राच्या कक्षेत राहत नाहीत, तर शिक्षणसंस्थेच्याही जबाबदारीचा भाग ठरतात.

लेखाची उद्दिष्टे :

१) दम्यामध्ये दीर्घकाळ परिणाम करणाऱ्या श्वसनौषधांचे कार्य समजून घेणे.
२) ही औषधे एकटी वापरण्यातील धोका अभ्यासांच्या आधारे स्पष्ट करणे.
३) बोदवड परिसरातील पर्यावरण व जीवनपद्धती यांच्या संदर्भात सुरक्षित वापराचे निकष मांडणे.
४) महाविद्यालयीन स्तरावर करता येण्याजोग्या उपाययोजना सुचविणे.

प्रस्तुत लेखासाठी वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून त्याची मांडणी प्रकाशित द्वितीयक साधनसामग्रीवर आधारलेली आहे.

दम्याचे द्विविध स्वरूप :

दम्यामध्ये एकाच वेळी दोन प्रक्रिया घडत असतात. पहिली म्हणजे श्वासनलिकांभोवतीचे स्नायू आवळले जाणे. ही प्रक्रिया झपाट्याने होते, तिच्यामुळे छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो, आणि योग्य औषधाने ती काही मिनिटांत ओसरते. दुसरी प्रक्रिया म्हणजे नलिकांच्या आतील अस्तराचा दाह. त्यामुळे अस्तराला सूज येते, चिकट स्राव साचतो आणि धूळ, धूर, थंड हवा अशा किरकोळ कारणांनीही नलिका आवळू लागतात. ही प्रक्रिया संथ असते व रुग्णाला ती प्रत्यक्ष जाणवत नाही. रुग्ण हसत-खेळत असतानाही ती आत चालू राहू शकते.

उपचारांची विभागणीही यानुसारच झालेली आहे. साल्ब्युटामॉल हे स्नायू सैल करणारे अल्पकालीन औषध असून त्याचा परिणाम साधारणतः ४ ते ६ तास टिकतो. सॅल्मेटेरॉल व फॉर्मोटेरॉल ही त्याच कुळातील औषधे होत, परंतु त्यांचा परिणाम सुमारे १२ तास राहतो. बुडेसोनाइड, फ्लुटिकासोन, बेक्लोमेथासोन ही स्टिरॉइडे मात्र दाहावर काम करतात. त्यांचा परिणाम दिसण्यास काही दिवस ते काही आठवडे लागतात. रुग्णाला तात्काळ फरक जाणवत नसल्याने 'या पंपाने काहीच होत नाही' असे म्हणून बंद केले जाणारे औषध बहुधा हेच असते. खरे पाहता रोगाच्या मुळाशी जाणारे औषधही हेच आहे.

सॅल्मेटेरॉल व फॉर्मोटेरॉल यांच्यातील एक फरक विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. फॉर्मोटेरॉलचा परिणाम १ ते ३ मिनिटांत सुरू होतो. सॅल्मेटेरॉलला मात्र १० ते २० मिनिटे लागतात. त्यामुळे झटका आलेला असताना सॅल्मेटेरॉलचा पंप वापरणे निरुपयोगीच नव्हे, तर घातकही ठरू शकते. आराम पडत नाही म्हणून घाबरलेला रुग्ण पुन्हा पुन्हा फवारे घेतो, औषधाची मात्रा वाढत जाते आणि मौल्यवान वेळ निघून जातो.

झाकला जाणारा आजार :

दीर्घकालीन औषध एकटे घेण्यातील धोका २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासातून स्पष्ट होतो. स्टिरॉइडने दमा आटोक्यात आलेल्या १६४ रुग्णांचे तीन गट करण्यात आले. एका गटाचे स्टिरॉइड चालू ठेवले, दुसऱ्याला त्याऐवजी केवळ सॅल्मेटेरॉल दिले, तर तिसऱ्याला निष्क्रिय औषध दिले. १६ आठवड्यांच्या काळात पहिल्या दोन गटांच्या सकाळच्या फुंकरीच्या मोजमापात लक्षणीय फरक दिसला नाही. मात्र उपचार अपयशी ठरण्याचे प्रमाण स्टिरॉइड गटात ६ टक्के, तर सॅल्मेटेरॉल गटात २४ टक्के होते. आजार बळावण्याचे प्रमाणही अनुक्रमे ७ व २० टक्के आढळले. वरवर पाहता दोन्ही गट सारखेच बरे दिसत होते, परंतु आतील दाहाच्या बाबतीत त्यांची स्थिती वेगळी होती.

यावरून असे दिसते की, सॅल्मेटेरॉल दाह बरा करीत नाही, तर त्याची जाणीव झाकून टाकते. गळक्या छपराला आतून रंग दिला की काही दिवस डाग दिसत नाही, पण पाणी मुरतच राहते. रुग्णाला बरे वाटते, म्हणून तो स्टिरॉइड सोडतो. पुढे सर्दी, धूळ वा धुराचे निमित्त होते आणि सुजलेल्या नलिका एकाएकी बंद होऊ लागतात.

सुरक्षिततेच्या अभ्यासांचा मागोवा :

सॅल्मेटेरॉलच्या सुरक्षिततेची तपासणी करण्यासाठी अमेरिकेत १९९६ मध्ये 'स्मार्ट' या नावाने ओळखला जाणारा व्यापक अभ्यास सुरू झाला. त्यात रुग्णांच्या नेहमीच्या उपचारांत २८ आठवडे सॅल्मेटेरॉल किंवा निष्क्रिय औषध यांची भर घालण्यात आली. २६,३५५ रुग्णांची नोंद झाल्यानंतर जानेवारी २००३ मध्ये तो मुदतीपूर्वी थांबविण्यात आला. सॅल्मेटेरॉल घेणाऱ्या १३,१७६ जणांपैकी १३ जण दम्याने दगावले होते, तर निष्क्रिय औषध घेणाऱ्या १३,१७९ जणांपैकी ३ जण. हजारी प्रमाणात हा आकडा लहान असला तरी लक्षणे टाळण्यासाठी दिलेल्या औषधाने मृत्यू वाढावेत, ही बाब गंभीर होती. या अभ्यासातील निम्म्याहून अधिक रुग्ण प्रारंभी स्टिरॉइडचा पंप घेत नव्हते, हेही येथे नमूद करणे आवश्यक आहे.

त्यानंतर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या औषधांच्या वेष्टनावर ठळक चौकटीत इशारा छापणे बंधनकारक केले. २०१० मध्ये प्रशासनाने आणखी एक पाऊल पुढे टाकले आणि दम्यामध्ये ही औषधे दाह आटोक्यात ठेवणाऱ्या औषधावाचून वापरू नयेत असे स्पष्ट केले. ब्रिटनमध्ये दम्याने झालेल्या १९५ मृत्यूंचा आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही काही रुग्णांना स्टिरॉइडविना केवळ दीर्घकालीन औषध दिले गेल्याचे आढळून आले.

या इशाऱ्यांमुळे दुसराच एक प्रश्न निर्माण झाला. स्टिरॉइड व दीर्घकालीन औषध एकत्र असलेला संयुक्त पंपही धोकादायक आहे काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी ४१,२९७ रुग्णांचा समावेश असलेले चार अभ्यास करण्यात आले. केवळ स्टिरॉइडच्या तुलनेत संयुक्त औषधाने दम्याशी संबंधित गंभीर घटना लक्षणीयरीत्या वाढल्या नाहीत. उलट आजार तीव्रतेने बळावण्याचे प्रमाण कमी झाले. परिणामी डिसेंबर २०१७ मध्ये संयुक्त पंपांवरील चौकटीतील इशारा काढून टाकण्यात आला. एकट्या दीर्घकालीन औषधाविषयीचा इशारा मात्र कायम राहिला.

या वीस वर्षांच्या प्रवासाचे सार असे सांगता येईल : दोष औषधात नव्हता, तर ते एकटे वापरण्यात होता. स्टिरॉइडच्या सोबतीने तेच औषध उपकारक ठरते. भारताच्या २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत बुडेसोनाइड व फॉर्मोटेरॉल यांच्या संयुक्त औषधाचा समावेश आहे, ही बाब या दृष्टीने महत्त्वाची आहे.

बोदवड परिसराचा संदर्भ :

जळगाव जिल्ह्यातील बोदवड हा प्रामुख्याने कोरडवाहू शेतीचा व कापसाचा तालुका आहे. येथील वर्षचक्राचा दम्याशी निकटचा संबंध जोडता येतो. पावसाळ्यात घरांच्या ओलसर भिंतींवर बुरशी धरते. दिवाळीच्या सुमारास फटाक्यांचा धूर आणि कापसाची वेचणी एकाच वेळी येतात. हिवाळ्यात जिनिंगचा हंगाम भरात असतो आणि पहाटेची थंडी तीव्र असते. उन्हाळ्यात धुळीचे वारे वाहतात. याखेरीज कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या व गोवऱ्या जिथे चुलीत जाळल्या जातात, तिथे स्वयंपाक करणाऱ्या स्त्रिया व जवळ बसणारी मुले यांना वर्षभर धूर सोसावा लागतो. दमा ज्या कारणांनी उफाळतो, ती कारणे अशा रीतीने बाराही महिने बदलत्या स्वरूपात हजर असतात. म्हणून प्रतिबंधक औषध 'हंगामापुरते' घेण्याची कल्पना येथे विशेष फसवी ठरते.

कापसाच्या धुळीने होणारा सर्वच श्वासविकार दमा नसतो, हेही लक्षात घेतले पाहिजे. कापूस प्रक्रियेतील कामगारांना सुटीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटणे हे बिसिनोसिस या वेगळ्या व्यवसायजन्य आजाराचे लक्षण असू शकते. तसेच वर्षानुवर्षे धूम्रपान वा चुलीचा धूर यांमुळे होणारा सीओपीडी हा आजारही दम्यासारखाच भासतो. येथे एक महत्त्वाचा भेद आहे. सीओपीडीमध्ये दीर्घकालीन औषध स्टिरॉइडविना देणे शास्त्रसंमत आहे, दम्यामध्ये ते नाही. त्यामुळे आजोबांच्या सीओपीडीसाठी आणलेला पंप दमा असलेल्या नातवाला देणे, ही घरगुती काटकसर जीवघेणी ठरू शकते. योग्य निदानासाठी श्वासमापन चाचणी करून घेणे हाच याला पर्याय होय.

परंपरा व समजुती यांचाही विचार येथे करावा लागेल. कोजागरीच्या रात्री खिरीतून वा दुधातून दम्याचे औषध घेण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. मृग नक्षत्राच्या प्रारंभी हैदराबाद येथे दिल्या जाणाऱ्या मत्स्य-औषधासाठीही दूरदूरहून रुग्ण जातात. दम्याला प्रतिबंध करता येतो, हा विचार लोकमानसात पूर्वीपासून आहे, असाच याचा अर्थ होतो. फरक इतकाच की, श्वासनलिकांचा दाह वर्षातून एका रात्री नव्हे, तर रोज शमवावा लागतो. श्रद्धेपोटी कोणी खीर घेतली म्हणून बिघडत नाही. ती घेतल्यावर रोजचा पंप बंद केला तर मात्र बिघडते.

गोळी बरी आणि पंप वाईट, हा समजही असाच तपासून घेण्याजोगा आहे. साल्ब्युटामॉलच्या एका गोळीत ४ मिलिग्रॅम औषध असते, तर पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम. म्हणजे गोळीतून ४० पट औषध शरीरात जाते आणि छातीत धडधड, हातांना कंप हे त्रासही वाढतात. पंपातील औषध थेट श्वासनलिकांत पोहोचत असल्याने अल्प मात्रा पुरेशी होते. सवय लावणारा गुण त्यात नाही. औषध थांबविल्यावर त्रास परत येतो, तो आजार शिल्लक असल्यामुळे.

सुरक्षित वापराचे निकष :

१) औषधाची ओळख : आपल्या पंपावरील घटकद्रव्यांची नावे रुग्णाने वाचावीत. दम्यासाठी दिलेल्या पंपावर केवळ सॅल्मेटेरॉल किंवा केवळ फॉर्मोटेरॉल लिहिलेले असेल आणि स्टिरॉइडचा वेगळा पंप चालू नसेल, तर विनाविलंब डॉक्टरांना विचारावे. दोन घटक एकाच पंपात असणे अधिक सुरक्षित, कारण त्यांपैकी एक सोडून देणे मग शक्य होत नाही.

२) नियमितता : रोज घेण्यासाठी दिलेले प्रतिबंधक औषध लक्षणे नसतानाही ठरलेल्या वेळी घ्यावे. दमा काही महिने आटोक्यात राहिल्यास मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करता येते, परंतु तो निर्णय डॉक्टरांचा असावा. गरोदरपणातही औषध परस्पर बंद करू नये.

३) मर्यादा : सॅल्मेटेरॉलयुक्त पंप ठरलेल्या मात्रेपेक्षा अधिक वेळा घेऊ नये. बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल हा संयुक्त पंप मात्र काही रुग्णांना रोजच्या वापरासोबत तात्काळ आरामासाठीही दिला जातो. दम्याविषयीच्या 'जिना' या जागतिक मार्गदर्शिकेने २०१९ पासून केवळ साल्ब्युटामॉलवर विसंबून राहण्याची पद्धत नाकारली असून स्टिरॉइड-फॉर्मोटेरॉलला प्राधान्य दिले आहे. ही सवलत सॅल्मेटेरॉलला लागू नाही.

४) तंत्र : फवाऱ्याचा पंप हलवून, श्वास पूर्ण सोडून, सावकाश व खोल श्वास घेण्याच्या प्रारंभी दाबावा आणि श्वास सुमारे १० सेकंद रोखावा. हे जमत नसल्यास स्पेसर वापरावा. कोरड्या भुकटीच्या यंत्रातून श्वास जोराने व खोल ओढावा लागतो. त्या यंत्रासाठीची कॅप्सूल गिळण्यासाठी नसते. यंत्रात श्वास सोडू नये, कारण ओलाव्याने भुकटी चिकटते.

५) मुखशुद्धी : स्टिरॉइडयुक्त पंप घेतल्यावर गुळणी करून पाणी थुंकून टाकावे. अन्यथा तोंडात पांढरा बुरशीचा थर येणे किंवा आवाज बसणे संभवते. व्याख्यान हेच ज्यांचे काम आहे, त्या प्राध्यापकांनी याकडे विशेष लक्ष द्यावे.

६) साठवण : मे महिन्यात भुसावळ-जळगाव पट्ट्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. पंप साधारणतः ३० अंशांखाली ठेवणे अपेक्षित असते. म्हणून तो मोटारसायकलच्या डिकीत, उभ्या मोटारीत वा पत्र्याखालच्या खिडकीत ठेवू नये. पावसाळ्यात कॅप्सूल वापराच्या वेळीच वेष्टनातून काढावी.

७) अन्य आजार व औषधे : हृदयविकार, हृदयाचे अनियमित ठोके, थायरॉइडचा विकार किंवा मधुमेह असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे. प्रोप्रॅनोलॉलसारखी रक्तदाबाची काही औषधे दम्याला घातक ठरतात.

८) धोक्याच्या खुणा : तात्काळ आरामाचा पंप पूर्वीपेक्षा वारंवार लागणे, रात्री खोकल्याने वा धापेने जाग येणे, जिना चढताना नव्याने दम लागणे, ही दमा हाताबाहेर जात असल्याची लक्षणे होत. वर्षात साल्ब्युटामॉलचे ३ किंवा अधिक डबे संपत असतील तर उपचारांचा फेरविचार आवश्यक ठरतो.

महाविद्यालयीन स्तरावरील शिफारशी :

१) प्रवेशाच्या वेळी विद्यार्थ्याने स्वेच्छेने आपल्या आजाराची व औषधाची माहिती देण्याची सोय असावी. ती गोपनीय ठेवावी.
२) परीक्षागृहात, क्रीडांगणावर व राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात विद्यार्थ्याला आपला पंप जवळ बाळगण्याची मुभा असावी. बॅगेसोबत पंपही बाहेर ठेवायला लावणे योग्य नव्हे.
३) श्रमदान, झाडलोट वा धुळीची कामे दमाग्रस्त स्वयंसेवकांना देऊ नयेत.
४) झटका आल्यास विद्यार्थ्याला ताठ बसवावे, आडवे करू नये. त्याच्या साल्ब्युटामॉल पंपाचे एकेक करून ४ फवारे, शक्य तर स्पेसरमधून, द्यावेत. काही मिनिटांत आराम न पडल्यास ते पुन्हा द्यावेत व १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. एक वाक्य सलग बोलता न येणे, ओठ निळसर होणे वा गुंगी येणे, ही लक्षणे दिसताच वाट न पाहता रुग्णालय गाठावे. बोदवडसारख्या ठिकाणाहून पुढील उपचारांसाठी भुसावळ किंवा जळगावपर्यंत न्यावे लागू शकते, त्यामुळे येथे लवकर निर्णय घेण्याला अधिकच महत्त्व आहे.
५) प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र व शारीरिक शिक्षण विभागांनी स्थानिक डॉक्टरांच्या सहकार्याने पंप वापरण्याची प्रात्यक्षिके आयोजित करावीत.

निष्कर्ष :

दीर्घकाळ परिणाम करणाऱ्या श्वसनौषधांनी दमाग्रस्तांना रात्रीची शांत झोप व दिवसाची कामे परत मिळवून दिली, हे निर्विवाद आहे. परंतु श्वास मोकळा होणे आणि आजार आटोक्यात येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दीर्घकालीन औषध एकटे घेतल्यास पहिली साध्य होते व दुसरी दुर्लक्षित राहते. स्टिरॉइडच्या सोबतीने, नियमितपणे व योग्य तंत्राने घेतल्यास दोन्ही साध्य होतात. बोदवड परिसरात धूळ, धूर व कापूस यांपासून पूर्णतः दूर राहणे शेतकरी कुटुंबांना शक्य नाही. त्यामुळे रोजचा प्रतिबंधक उपचार हाच त्यांचा मुख्य आधार ठरतो. आपल्या विद्यार्थ्याच्या हातातील पंप रोजचा आहे की तात्काळ आरामाचा, एवढा एक भेद प्रत्येक प्राध्यापकाला ओळखता आला, तरी वर्गात वा शिबिरात ओढवणारा एखादा प्रसंग वेळीच टळू शकेल.